तोंडावर बोट

"आत गेल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. कबूल?" गाडीतून उतरण्याआधीच मावशींनी जावईबापूंना दटावलं.

मावशी म्हणजे त्यांच्या बायकोची मावशी. तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवून त्या निवृत्त झाल्या आणि घरांच्या एजंट झाल्या.

"कबूल. पण मावशी, नव्याकोऱ्या घराला एजंट कशाला? बिल्डरची माणसं असतात की गोड बोलायला."

"ती गोड माणसं बिल्डरची. तुमच्या बाजूनं कोण बोलणार?"

"मी आहे ना!"

"म्हणूनच मी आलेय."

ऑफिसात सगळे जावईबापूंना भोंगा म्हणत, ते काही उगीच नव्हे. आधीची दोन घरं त्यांच्या तोंडापायीच हातची गेली होती. दोन्ही वेळा बाल्कनीत पाऊल टाकताच "अगं, हेच! हेच ते घर!" अशी आरोळी त्यांनी ठोकली, आणि विकणाऱ्याचा ताठा असा वाढला की बोलणीच फिसकटली. बायकोनं कधी बोल लावला नाही. तिच्या भाड्याच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडायची. अकरा वर्षं ती भर दुपारी दिवा लावून भाजी चिरत होती. या वेळी मात्र ती एवढंच म्हणाली होती, "अहो, हे तिसरं. तेवढं सांभाळा." जावईबापूंनी तिथल्या तिथे घर बघताना मौन पाळायचा वसा घेतला. आणि घेतला वसा टाकणाऱ्यातले ते नव्हते.

विक्री कार्यालयात मावशींनी आधी रजिस्टर ओढून आपलं नाव घातलं. पहिल्याच भेटीत एजंटची नोंद झाली नाही, तर पुढे त्याला कोणी दारात उभं करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग टाय लावलेला मॅनेजर मावशी, जावईबापू आणि बायको अशा तिघांना सातव्या मजल्यावर घेऊन गेला.

स्वयंपाकघराची खिडकी पाहिली मात्र, जावईबापूंच्या पोटातून आरोळी वर चढू लागली. केवढी ती खिडकी! सकाळचं ऊन थेट ओट्यावर! आरोळी गळ्याशी आली तसे ते बाथरूममध्ये घुसले, दार लोटून घेतलं आणि तोंडात रुमाल कोंबून तीनदा "हेच! हेच! हेच!" ओरडून घेतलं. जीव हलका झाला. बाहेर पडावं म्हणून वळले, तर दाराला आतून मूठच नव्हती. मूठ बसवायचं नुसतं भोक होतं.

हाक मारायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. दारावर थापा मारल्या, पण वरच्या मजल्यावर फरशीवाल्यांची ठोकाठोक चाललेली. त्यात यांच्या थापा कोण ओळखणार? बाहेरचं बोलणं मात्र त्या भोकातून स्वच्छ ऐकू येत होतं.

"साहेब कुठे गेले?" मॅनेजरनं विचारलं.

मावशींनाही पत्ता नव्हता. पण वर्गासमोर गडबडण्याची सवयच नव्हती त्यांना. "गेले."

"न बोलता?"

"मनातून उतरलं की ते बोलतच नाहीत."

आत जावईबापूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं मावशी, हे आणि न बोलता जातील?" बायको घाबरून म्हणाली. मावशींनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी गप्प झाली.

मॅनेजरनं खाली फोन लावला. "फाटकातून तर कोणी बाहेर पडलं नाही म्हणतात!"

"मग बिल्डिंग तपासत असतील. फार बारीक बघतात."

मॅनेजरला घाम फुटला. "बाल्कनीला ग्रील आमच्याकडून. मग तर झालं?"

"ग्रीलवर ते काही परतायचे नाहीत."

"लिफ्टजवळचं पार्किंग?"

"विचारते. सापडले तर."

इकडे जावईबापूंना उकडायला लागलं. तोंड धुवावं म्हणून त्यांनी नळ सोडला, तो काही केल्या बंद होईना. आणि पाणी तरी शहाण्यासारखं जाळीकडे जावं? ते निघालं दाराकडे. दाराखालून बाहेर, आणि बाहेरून सरळ मॅनेजरच्या बुटांत.

"आत कोण आहे?"

उत्तर नाही.

मॅनेजरनं दार उघडलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जावईबापू कमोडच्या झाकणावर उभे होते. एक बोट तोंडावर. दुसऱ्या बोटानं त्यांनी आधी दाराचं भोक दाखवलं, मग नळ, मग फरशी. बिचारे आपली कर्मकहाणी सांगत होते.

मॅनेजरचा चेहरा पडला. "साहेबांनी... फरशीचा उतारसुद्धा तपासला?"

"म्हटलं ना, बारीक बघतात," मावशी म्हणाल्या. "आता लिहा. नवा उतार, नवा नळ, मूठ, ग्रील, पार्किंग. सगळं ताबा देण्याआधी. खाली सही."

ओट्यावर कागद ठेवून मॅनेजरनं मुकाट्यानं सगळं लिहिलं. सहीला पेन टेकवलं, तेवढ्यात खिडकीतलं ऊन सरकत सरकत बायकोच्या हातावर आलं. अकरा वर्षांत कधी आवाज न चढवलेली ती बाई किंचाळली, "अहो, हेच! हेच ते घर!"

वरची ठोकाठोक थांबली. मावशींनी डोळे मिटून घेतले. मॅनेजरनं पेन उचललं, टाय सरळ केला.

"म्हणजे ताईंना पसंत आहे तर! मग ते ग्रीलचं जरा आपण..."

जावईबापू अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी पँट पुन्हा गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शांतपणे दुसऱ्या बाथरूमकडे चालू लागले.

"साहेब, थांबा! करतोय, सही करतोय!"