तात्यांनी विद्यापीठाला पाठवलेली माती

तात्यांना कुठल्याही ग्रहाचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तितं काय पिकतं?"

वडगाव निंबाळकरात त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे, त्यामुळं ही सूर्यमाला रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळेला उगवते. शुक्रावर उष्णता फार, ऊस जळून जाईल. गुरूला जमीनच नाही, नुसता वायू. "असलं रान फुकट दिलं तरी घेऊ नये." मंगळावर मात्र त्यांचा जीव आहे. "पाण्याची सोय झाली तर बाजरी येईल," असं सांगतात, जणू पाइपलाइनचा अर्ज देऊनच आलेत.

हे सगळं ज्ञान मुलीकडून आलेलं. सारिका पुण्याला विद्यापीठात ग्रहांचं शास्त्र शिकते, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ती फोनवर दोन वाक्यं बोलते, तात्या गावाला त्याची वीस करून वाढतात. कुणी अडवलंच, तर "ते वातावरणावर हाय." म्हशीनं दूध कमी दिलं तरी वातावरण. सोसायटीच्या निवडणुकीत पडले तेव्हाही वातावरणच होतं. मतं नव्हती, हे आम्ही शेजारधर्म म्हणून बोललो नाही.

गेल्या महिन्यात सारिकानं प्रोजेक्टसाठी माती मागितली. मंगळावरचा खडक म्हणे आपल्या काळ्या दगडाच्याच जातीचा. तात्यांचा सुप्याला दोन एकर माळ आहे, सगळा मुरूम, कुसळाशिवाय काही उगवत नाही. त्या मुरमाचं सँपल तिला हवं होतं. तात्यांनी एसटीनं पोतं पाठवलं आणि चार दिवस गावभर छाती काढून हिंडले.

पाचव्या दिवशी मला तिचा फोन.

"काका, तात्यांनी हे काय पाठवलंय? शेणखताचा वास येतोय. सोमवारी सँपल लॅबला लावायचंय, नाही तर माझे सहा महिने वाया जातील. तुम्ही जरा बघा ना."

मी तडक शेजारी गेलो. या गृहस्थानं कालव्याखालच्या उसाची काळी माती तीनदा चाळून, वर शेणखत कालवून धाडली होती. मी डेअरीवर दूध तपासतो, मला हा रोग ओळखीचा. आमच्याकडं सँपल म्हणजे परीक्षा. सँपल काढणार हे आधी कळलं, की त्या दिवशी गावातल्या एकूण एक म्हशी गुणी होतात.

"अहो, तिला नापीक मातीच पाहिजे होती," मी म्हणालो. "मंगळावर शेणखत कुणी टाकलंय?"

"सांगितलं व्हतं तिनं," तात्या म्हणाले. "मला वाटलं, पोरगी भीडंपायी कमी मागतीया."

त्यांना गाडीवर मागं बसवून सुप्याला नेलं. माळावर पोचलो तरी सुधारणा नाही. मी पोत्याचं तोंड धरलेलं, आणि हा माणूस मुरमातले खडे वेचून बाजूला टाकतोय.

"तात्या, खडेच पाहिजेत तिला. डोकं बिकं आहे का नाही?"

ते थांबले. हातातला खडा तसाच धरून उकिडवे बसले.

"शाळंत व्हती तवापासनं हिनं कधी काय मागितलं न्हाय. सहलीला न्हाय, कापडाला न्हाय. आई गेल्यावर तर न्हायच. पयल्यांदा बापाकडं मागितलं, अन् काय, तर मुरूम." मग आवाज उतरला. "तितल्या मॅडम इचारतील, कुणाच्या रानातला? अन् पोरीनं ह्यावर बोट ठेवून माजं नाव सांगायचं?"

इतका वेळ ओरडलो त्याची मला लाज वाटली.

"सांगू दे की," मी म्हणालो. "तिनं मागताना दुसऱ्या कुणाचं रान सांगितलं नाही. तुमचंच सांगितलं."

बाजूला टाकलेले खडे तात्यांनी एकेक करून गोळा केले, धोतराच्या सोग्याला नीट पुसले आणि पोत्यात ठेवले.

सँपलचे खडे पुसायचे नसतात, हे मला कळत होतं. तरी मी पोत्याचं तोंड नीट उघडून धरलं.