अस्तर राहिलेला कोट

पोपटाने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, आणि तिघांनाही मास्तरांनी नुकतंच "उद्या या" असं सांगितलं होतं.

"उद्या म्हणाला," पिंजऱ्यातून आवाज आला. मग एक खोल खोकला, आणि वर, "मेला परत उद्याच म्हणाला."

आवाज हेडक्लार्कांचा होता. खोकलासुद्धा त्यांचाच. हेडक्लार्कांना जाऊन आठवडा झाला होता, त्यामुळे तिन्ही गिऱ्हाइकं एकदमच दाराकडे सरकली. त्यातल्या एकाने जाता जाता आपलं न शिवलेलं कापडही उचलून नेलं.

मास्तरांच्या हाताला तोड नव्हती. त्यांनी कधी कुणाचं कापड मारलं नाही, माप चुकवलं नाही. फक्त दिलेली तारीख पाळली नाही, तीस वर्षांत एकदाही नाही. टाचण्या जशा दातांत धरलेल्या असत तसाच "उद्या" हा शब्दही कायम तोंडात तयार असे. गिऱ्हाइकं चिडत, भांडत, आणि पुढचं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच येत.

हेडक्लार्क मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी लांबच्या शहरात, सोबतीला हा पोपट. त्यांनी आपला जाड लोकरी कोट नवं अस्तर लावायला दिला होता. रोज संध्याकाळी ते यायचे, दुकानातल्या बाकावर टेकायचे, "झाला का?" म्हणून विचारायचे आणि "उद्या" ऐकून जिना चढायचे. असे तीन महिने गेले. घरी जाऊन ते काय बोलत असतील, हे मास्तरांना कळायचं काही कारण नव्हतं. आता कळत होतं.

मग थंडी पडली आणि हेडक्लार्क दोन दिवस आलेच नाहीत. मास्तरांना हायसं वाटलं. "सुटलो बुवा," असं ते बायकोला म्हणालेसुद्धा. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. हेडक्लार्क खुर्चीतच गेले होते, अंगावर दोन चादरी गुंडाळून. पोपट पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. पाण्याची वाटी कोरडी, आणि छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून काढलेली.

आजारी पक्षी सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी त्याला उचललं. पण त्यांच्याकडे पिंजरा ठेवायलाही जागा उरली नव्हती. बरा होईपर्यंत कुणी ठेवून घेईल का, असं विचारत त्या गल्लीत फिरल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, आम्ही ठेवतो. तेही लगेच. बायको बघतच राहिली, कारण हा माणूस कुठल्याही गोष्टीला लगेच हो म्हणालेला तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. खुंटीवर अस्तर लोंबणारा कोट होता आणि मास्तर त्याच्याकडे पाठ करून बोलत होते, एवढं मात्र तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मान हलवली. दिवसातून दोनदा थेंब, सहा आठवडे.

"धरून, चोच उघडून द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "घाबरूनच जाईल तो. तुमच्या हातून आपणहून घेतले पाहिजेत. आणि एकटा ठेवू नका. फार एकटा राहून आलाय."

म्हणून पिंजरा दुकानातच राहिला आणि मास्तरांची अब्रू रोज चव्हाट्यावर आली. त्यांनी "उद्या" म्हणायचा अवकाश, पिंजऱ्यातून खोकला ऐकू यायचा. त्यांनी "परवा" म्हणून पाहिलं, त्याला पोपटाची हरकत नव्हती. "सोमवारी"लाही नव्हती. पण सोमवार म्हटल्यावर गिऱ्हाईक सोमवारी येऊन उभं राहू लागलं. नाइलाजाने मास्तर पहाटे उठून मशीनवर बसले. आठवडाभरात अकरा कपडे वेळेवर गेले. एका वरमाईचा पोशाख लग्नाच्या आधी तयार झाला, तेव्हा ती बाई आनंदाने नाही, संशयाने शिवण उलटीपालटी करून बघत होती. "तीस वर्षं मी घसा फोडला," बायको म्हणाली, "ते या मूठभर पाखराने करून दाखवलं."

पण ते पाखरू औषध घेत नव्हतं. मास्तरांचा हात जवळ आला की ते मागच्या गजाला चिकटायचं, नाहीतर कडकडून चावायचं. मास्तरांनी पाचही बोटांत शिवणाची धातूची अंगुस्तानं घालून प्रयत्न केला. त्या चकाकत्या पंजाला बघून पोपट इतका थरथरला की मास्तरांनाच लाज वाटली. रोज सकाळी बायको स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करायची आणि आकडा मोठ्याने सांगायची नाही. दोन दिवसांत औषध पोटात गेलं नाही तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक माणूस तर आपल्या हातून गेलाच, आता त्याचा पोपटही जाणार, हे मास्तरांच्या मनातून हलेना. जेवण जाईना. मशीनच्या आवाजातही त्यांना खोकला ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने झाडताना खुंटीवरचा कोट काढला, आणि पिंजऱ्यातून कधी न ऐकलेला आवाज आला. बारीक, लहान मुलाच्या कुरकुरीसारखा. पोपट गज चढत होता.

बायकोने कोट नवऱ्यापुढे धरला. "घाला."

"मेलेल्या माणसाचा?"

"मग काय, नवीन शिवताय? तो कधी मिळायचा?"

मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि कोट चढवला. अस्तर गुडघ्यापर्यंत लोंबत होतं, खांदे दोन बोटं रुंद होते. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. पोपट बाहीवर चढला, वास घेतल्यासारखी चोच लोकरीवर फिरवली, खिशात डोकं घालून तिथली जुनी सूर्यफुलाची बी शोधून काढली, आणि मग मास्तरांच्या बोटावरचे थेंब असे प्यायला की जणू इतके दिवस कुणी दिलेच नव्हते. मास्तर रडले. बायकोने तिकडे लक्ष नसल्याचं दाखवून केर भरला.

तेव्हापासून मास्तर दिवसभर हेडक्लार्कांचा कोट घालून मशीनवर बसू लागले. दारातून फक्त पाठ दिसायची. हेडक्लार्कांचे एक जुने मित्र रस्त्याने जाताना आत डोकावले आणि हातातली पिशवी टाकून खालीच बसले. त्यांना पाणी पाजून पाठवल्यावर गल्लीत वेगळीच बातमी फिरली. शिंप्याने म्हाताऱ्याचा कोट ढापला, थंडीत मारलं ते मारलं, वर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यातलं अर्धं तर खरंच होतं.

अस्तर त्यांनी हळूहळू लावलं, कोट अंगात असतानाच, जिथे हात पोचेल तिथे. उरलेलं बायकोने पाठीमागे उभं राहून टाचलं. इतकं बारीक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. पोपट खांद्यावरून बघत असायचा. तीन आठवड्यांत कोट तयार झाला, आणि पोपट आता रिकामा वेळ बाहीत शिरून घालवू लागला. छातीवर लव आली होती. थेंब मात्र अजून तीन आठवडे द्यायचे होते, आणि कोट काढला की तो चोच उघडत नव्हता.

अशात एका संध्याकाळी दारात कुणीतरी थबकल्यासारखं वाटलं. मास्तर वळले. पन्नाशीची एक बाई चौकट धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. तिच्या हातात दुकानाची पावती होती, तारीख चार वेळा खोडलेली.

"घर आवरताना बाबांच्या कप्प्यात सापडली," ती म्हणाली.

मास्तर उभे राहिले. आपण तिच्या वडिलांचा कोट घालून तिच्यासमोर उभे आहोत, याला कुठल्याही शब्दाने झाकता येणार नव्हतं. "थंडी पडली तेव्हा कोट माझ्याकडे होता," ते म्हणाले. "मी रोज उद्या म्हणत होतो."

"माहितीये. फोनवर रोज तुम्हालाच शिव्या असायच्या. दुसरं बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं." ती बाकावर बसली. "डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कोट असता तरी गेलेच असते."

मास्तरांनी मान हलवली.

"पण थंडी वाजली असेल," ती म्हणाली. "आणि मीही येते येते करत वर्षभर आले नव्हते."

तिने डोळे पुसले आणि कोटाकडे नीट पाहिलं. अस्तर कडेपर्यंत लागलेलं, बटणं घट्ट, काजं नवी. उजव्या बाहीच्या तोंडातून एक लाल चोच आणि एक गोल डोळा बाहेर आला होता.

"झाला का कोट?" तिने विचारलं.

महिनाभर मास्तरांनी तो शब्द उच्चारला नव्हता. त्यांनी पोपटाकडे पाहिलं.

"बाही थोडी राहिलीय," ते म्हणाले. "उद्या या."

म्हणाले आणि मान खाली घालून खोकल्याची वाट बघत राहिले. खोकला आला नाही. पोपटाने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि काही न बोलता डोकं बाहीत ओढून घेतलं.

"बाबा म्हणायचे, हा उद्या म्हणाला की महिना धरावा," बाई म्हणाली, आणि पावती पुढे केली. मास्तरांनी चौथी खोडलेली तारीख चाचपली आणि तिच्याखाली तीन आठवड्यांनंतरची पाचवी लिहिली.