गुणाजी वानराचा खोकला

एका जंगलात, बाळांनो, सगळेच खोकत असत. अस्वल खोके, रानडुक्कर खोके, आणि गुणाजी वानर तर असा खोके की त्याच्या झाडावरची पिकली उंबरं टपाटप खाली पडत. कारण सगळे विडी ओढत. तेंदूची पानं जंगलातली, रानतंबाखूही जंगलातलीच. विस्तव कुठून आणत, असं विचारू नका. गोष्टीत विस्तव असतो. मध्येच हात वर करणाऱ्याला पुढची गोष्ट मिळणार नाही.

तर हा गुणाजी होता पहारेकरी. त्याच्या उंबराखाली चितळांचा कळप चरायचा. वाघ येताना दिसला की गुणाजीनं वरून "हुप्प!" अशी आरोळी ठोकायची आणि चितळांनी धूम पळायचं, असा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता.

वाघ म्हणजे जंगलाचा राजाच. सकाळी तो सिंहासनावर बसून प्रजेचं कल्याण करी, आणि दुपारी भूक लागली की त्याच प्रजेतलं कुणीतरी खाई. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तुम्हीही वाटून घेऊ नका.

पण विडीपायी गुणाजीचा आवाज पार बसला. "हुप्प"च्या जागी नुसतं "हुस्स" निघायला लागलं. खालची चितळं एकेक करून कमी होऊ लागली. गुणाजीला फार वाईट वाटे. वाईट वाटलं की तो विडी पेटवी.

"अहो, सोडा की ती मेली विडी!" त्याची बायको कौसाबाई म्हणे. "लेकुरवाळ्या बाया तुमच्या भरवशावर चरतात, आणि तुमच्या गळ्यातून फक्त वारा येतो!"

"सोडतो गं, उद्यापासून."

हा उद्या गुणाजीच्या आजोबांपासून घरात चालत आलेला होता.

आता त्याच जंगलात ओढ्याकाठी साळूबाई नावाची साळिंदर राहायची. झाडपाल्याची औषधं द्यायची. तिनं बांबूची एक नळी केली. आत गरम पाणी आणि रानतंबाखूचा थोडा अर्क. ओढली की वाफ यायची. धूर नाही, राख नाही, पण तलफ भागायची.

"हे काही अमृत नाही हं," साळूबाई तोंडावर सांगे. "ज्याला सवय नाही, त्यानं हुंगूसुद्धा नये. पोराटोरांना तर मी देणारच नाही. पण ज्याची विडी सुटतच नाही, त्याच्या छातीला विडीपेक्षा ही पुष्कळ बरी."

गुणाजीनं नळी घेतली आणि काय सांगू, विडी सुटली! हळूहळू खोकला गेला. आवाज मोकळा झाला. एका दुपारी वाघ झुडपाआडून निघाला, तर गुणाजीनं असा दणदणीत "हुप्प!" ठोकला की चितळं पळालीच, पण वाघही दचकून मागे सरला. कौसाबाईनं आनंदानं नवऱ्याच्या डोक्यातली ऊ काढून त्यालाच खायला दिली.

झालं. राजाला रोज उपास घडू लागला. पोट खपाटीला गेलं. आणि उपाशीपोटी त्याला तरुण पिढीची फार म्हणजे फारच काळजी वाटू लागली.

त्यानं दरबार भरवला. दरबारात आधी राजा विडी पेटवी, मग ती मानानं सगळ्यांकडे फिरे, आणि समोरचा दिसेनासा झाला की कामकाज सुरू होई. आरोग्यमंत्री होते गिधाडराव. आजाऱ्यांवर त्यांचं पहिल्यापासूनच बारीक लक्ष.

"महाराज," धुरातून गिधाडरावांचा आवाज आला, "ही वाफेची नळी अतिशय घातक आहे."

"कशावरून?"

"विडीनं काय काय होतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. नळीनं काय होतं ते अजून पुरतं ठाऊक नाही. म्हणजे तीच जास्त घातक!"

"वा!" राजा म्हणाला आणि खोकला. मग सगळा दरबार अदबीनं खोकला.

साळूबाई काटे फुलवून उठली. "महाराज, माकडांची काही कार्टी चोरून नळी ओढतात, हे खरं आहे. त्यांना देईल त्याचे कान उपटा, माझी ना नाही. पण घातक म्हणून बंदीच घालायची, तर आधी विडीवर घाला की!"

दरबारात कुणीतरी "शिव शिव" म्हणालं.

"बाई," राजा दुखावल्या आवाजात म्हणाला, "विडी ही आपली संस्कृती आहे."

बंदी झाली. साळूबाईच्या नळ्या गोळा करून चेचल्या. आणि त्या आनंदात प्रजेला फुकट विड्या वाटल्या.

नळ्या संपल्या म्हणता? छे हो! नाल्यापलीकडे तरस विकायला बसला. त्याच्या नळीत काय असायचं ते त्याचं त्यालाही माहीत नसे. साळूबाई पोरांना हाकलायची, तरस पोरांना हाका मारून बोलवायचा. माकडांची सगळी शाळा मधल्या सुट्टीत नाल्यापलीकडे दिसू लागली. राजा म्हणाला, बघा, किती वेळेवर बंदी घातली आपण!

गुणाजी मात्र भित्रा आणि कायदा पाळणारा. थोडे दिवस त्यानं नखं खाल्ली, कौसाबाईशी भांडला, स्वतःच्या शेपटीवरही डाफरला. मग गुपचूप विडीवर आला. खोकलाही परत आला, पहिल्यापेक्षा थोरला होऊन.

आणि एक दिवस वाघ आला. खाली चंद्राबाई चितळ आपल्या मंजीला, म्हणजे पाडसाला, घेऊन चरत होती. गुणाजीनं वाघ पाहिला, आरोळीसाठी तोंड उघडलं, तर नुसता खोकला! चंद्राबाईनं मानसुद्धा वर केली नाही. गुणाजीभाऊ काय, दिवसभर खोकतातच.

वाघ दबा धरून पुढे सरकला. मंजी अगदी त्याच्या झेपेत आली. ते पाहून गुणाजीचा श्वासच अडकला. खोकला थांबला.

"अगंबाई!" चंद्राबाई दचकली. "भाऊ गप्प का झाले?"

तिनं मंजीला ढुशी मारली आणि दोघी अशा उधळल्या की वाघाच्या तोंडात फक्त गवत आलं.

त्या दिवसापासून कळपाचा नवा नियम झाला. गुणाजी खोकतोय तोवर खुशाल चरायचं. गप्प झाला की पळायचं. चितळांची अक्कल ती, पण चालली बरं का!

इकडे गुणाजी वाळून काटकी झाला. फांदीवरून फांदीवर जाताना मध्ये बसून दम घेऊ लागला. कौसाबाईनं एका सकाळी त्याचे दोन्ही हात धरले.

"मला पहारेकरी नको, मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली आणि रडू लागली.

तेव्हा गुणाजीनं खरोखर विड्या फेकल्या. दिवसभर तळमळला, पण ओढली नाही. विडी नाही म्हणून खोकलाही जरा निवला. झाड शांत झालं.

आणि खाली एकच हलकल्लोळ! चितळं पळाली ती ओढ्यापर्यंत, तिथून डोंगरापर्यंत. वाघ बिचारा गुहेत घोरत होता. संध्याकाळी सगळा कळप धापा टाकत उंबराखाली आला.

"भाऊ, असं कसं हो करता?" चंद्राबाई म्हणाली. "सबंध दिवसात काडीभर गवत पोटात नाही आमच्या."

"चंद्राबाई, थोडं थांबा," गुणाजी कळवळून म्हणाला. "साळूबाईची नळी महिनाभर मिळाली ना, तर आवाज परत येईल. मग मी आरोळी देईन की, पूर्वीसारखी!"

"नळी?" चितळं एका सुरात ओरडली. "बंदी आहे तिच्यावर! कायदा मोडायचा?"

मग मंजी पुढे आली. तिच्या तोंडात एक विडी होती. तिनं ती मान उंचावून वर धरली.

"काका, खोका ना," ती म्हणाली. "तुम्ही खोकला नाहीत की मला घास गिळवत नाही."

गुणाजीनं कौसाबाईकडे पाहिलं. कौसाबाईनं तोंड फिरवलं. गुणाजी खाली वाकला, त्यानं मंजीच्या तोंडातून विडी घेतली आणि पेटवली.

खोकला ऐकून कळप समाधानानं चरू लागला. शेजारच्या वाळक्या झाडावर आरोग्यमंत्री गिधाडराव येऊन बसले. त्यांनी गुणाजीला आपुलकीनं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जाहीर केलं, की बंदी घातल्यापासून वाफेच्या नळीनं जंगलात एकही मृत्यू झालेला नाही. बंदीआधीही झाला नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : शेजारी खोकत असेल तर त्याला औषध देऊ नये. तो खोकतो आहे म्हणूनच आपलं बरं चाललं आहे.