शिराहोच्या शिखरावरची माती

प्रत्येक महान औषधाच्या मुळाशी कोणाची तरी वाया गेलेली सुट्टी असते. म्हणून ओसाकाच्या आमच्या औषध कंपनीत नियमच होता: सुट्टीवर जाणाऱ्याने येताना चमचाभर माती आणावी. मातीत जंतू असतात, शेजाऱ्यांचा काटा काढायला ते विष तयार करतात, आणि त्यातलं एखादं कर्करोगावर चालतं. (प्रमाण दहा हजार चमच्यांत एक. उरलेल्या चमच्यांबद्दल कंपनी आभारी आहे.)

कामियामा हे माती खात्यातले जुने, निष्ठावंत कर्मचारी. शिराहो डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या झऱ्यांवर ते सपत्नीक गेले आणि तितक्याच निष्ठेने झोपले.

"अहो, चिमूटभर माती तरी उचला," बायको म्हणाली.

"डोंगर कुठे पळून चाललाय?"

डोंगर जागेवरच राहिला, सुट्टी पळाली. परतल्यावर कामियामांनी कंपनीच्या खानावळीच्या दारातल्या कॅमेलियाच्या कुंडीत चमचा खुपसला आणि ती माती शिराहोच्या शिखरावरची म्हणून जमा केली. खोटं बोलायचंच, तर पायथ्यावरून कशाला?

नेमकी तीच फळली. विषाचं नाव ठेवलं शिराहोमायसिन. (जिथली माती तिथलं नाव द्यायची प्रथा आहे, खानावळीचं शोभलं नसतं.) रेणू मोठा देखणा. दहा कार्बनांचं कडं, त्यात दोन तिहेरी बंध ताणलेल्या धनुष्यासारखे वाकलेले, मागे साखरांची शेपटी. पंगतीत जागा धरावी तशी ही शेपटी डीएनएच्या खोबणीत बसते. मग पेशीतलंच गंधक भाबडेपणाने रेणूची कडी काढून देतं. कडं मिटतं, डीएनएच्या दोन्ही पेडांतून एकेक हायड्रोजन उपटतं, आणि दोन्ही पेड तुटतात. एक तुटला तर पेशी सांधून घेते. दोन्ही तुटले की तिचं कपाळच फुटलं.

उंदरांच्या गाठी विरघळल्या. कामियामांचा सत्कार झाला. आणि प्रयोगशाळेत आयतं खाऊन सुस्तावलेल्या जंतूने विष करणंच सोडून दिलं.

"ताजी माती हवी," खातेप्रमुख त्सुकुदासाहेब म्हणाले. "नाहीतर औषध बुडालं. कामियामा, जागा तुम्ही दाखवा. सगळं खातं येईल."

खरं सांगावं तर अब्रू जाणार, गप्प बसावं तर औषध. कामियामांनी शास्त्रीय मार्ग काढला: दोन्ही खिशांत कुंडीतली माती भरली आणि डोंगर चढले. शिखर जवळ येताच, "जरा जाऊन येतो," म्हणून ते एका खडकाआड गेले.

तिथे त्सुकुदासाहेब उकिडवे बसून पिशवी रिकामी करत होते.

"कॅमेलियाची?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"हो, साहेब. आपणही?"

"वीस वर्षं. माझं होक्काइदो तिथलंच, ओकिनावाही तिथलंच."

"पण माझं आपल्याला कसं कळलं?"

"तुमचं पोट पाहिलं. हे शिखर चढलेलं पोट नव्हे. पसरा नीट, ढीग दिसतोय."

मग खात्याने नतमस्तक होऊन चमचे भरले. जंतू सापडला, औषध तरलं, आणि कुंडीतलं झाड तेवढं वाळलं.

या विषाची एक खोड मात्र गेली नाही. जी पेशी कामात गढलेली, स्वतःची नक्कल काढण्यात गुंतलेली, ती आधी मरते; स्वस्थ बसलेली बहुधा वाचते. म्हणून गाठीबरोबर रोग्याचे बिचारे कष्टाळू केसही जातात. आमच्या खात्यात मात्र इतकी वर्षं हे विष हाताळून कोणाला ओरखडा नाही. तुम्हीही हातातलं काम टाकून इथवर वाचत आलात. निश्चिंत असा, तुमच्याही केसाला धक्का लागायचा नाही.