बिनपोटाची गिटार

आमच्या सतारमेकर गल्लीत पहिली इलेक्ट्रिक गिटार झाली, तेव्हा तिला पोट नसल्यामुळे तिनं समोरच्या घरातल्या तंबोऱ्याचा आवाज घेतला.

गिटार केली बँडवाल्या सॅम्युएल भोरेनं. सागवानाची भरीव फळी, वर सहा तारा, तारांखाली सायकलच्या डायनामोतलं लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारखी तांब्याची तार. ती तार मी गुंडाळून दिली. पाच हजार वेढे; मध्येच शिंकलो, तेव्हा एखादा इकडंतिकडं. फळीची वायर सॅम्युएलनं घरच्या रेडिओला जोडली, तारा छेडल्या, आणि अख्खी गल्ली दारात आली.

त्याच घटकेला समोर अंबूताई शिरोळकरांचा तंबोरा मुका झाला. तारा हलायच्या, आवाज नाही. सोमवारी ताईंची आकाशवाणीत गायची परीक्षा. दोनदा नापास झालेल्या, ही शेवटची संधी.

"ह्या मेल्यानंच काहीतरी केलंय," ताईंनी माझ्याकडं बोट केलं. मागं मी त्यांच्या तंबोऱ्यात चिंचोके टाकले होते. माणसं एवढंसं विसरत नाहीत.

जमादार नलवडे पंचनाम्याला आले. पंच म्हणून तंबोरे करणारे मौलाचाचा. चाचांनी भोपळा पारखतात तशी फळीवर बोटानं टिचकी मारली.

"आत भोपळा नाही, पोकळी नाही. आवाज राहणार कुठं? बाहेरून आणलाय."

"चाचा, चुंबक आहे त्यात!" सॅम्युएल म्हणाला.

"चुंबक म्हणजे ओढणाराच की," जमादार म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

मग रीतसर ओळखपरेड झाली. ताईंना भिंतीकडं तोंड करून बसवलं. मागं पेटी वाजली, सारंगी वाजली, गिटार वाजली.

"हाच!" ताई ओरडल्या. "पंचमाला खाकरतोय. तीस वर्षं ऐकतेय मी."

"मग द्या ना परत," मी म्हणालो.

"तू गप. तुझा अजून जबाब व्हायचाय." जमादारांनी वही मिटली. "आवाज मुद्देमाल आहे. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत आहे तिथंच राहील. भोरे, तुम्ही ताबेदार. फुटला, बदलला, तर जबाबदारी तुमची."

"अहो, पण माझी परीक्षा!"

"ताबेदारानं मुद्देमाल घेऊन हजर राहायला हरकत नाही."

सोमवारी ताई गायल्या. मागं सॅम्युएल गिटार मांडीवर आडवी घेऊन, शेजारी रेडिओ, दारात जमादार. परीक्षक पलीकडच्या खोलीत, त्यांना फक्त ऐकू जायचं. त्यांनी शेरा दिला, 'गायन उत्तम. तंबोरा सुरेल, पंचम किंचित खाकरतो.' ताई पास झाल्या.

अडचण पुढं आली. सॅम्युएलचा रेडिओ गिटारीच्या आवाजानं भरलेला, त्यामुळं बातम्यांना आत जागा उरली नाही. त्या समोरच्या रिकाम्या भोपळ्यात गेल्या. आता संध्याकाळी सात वाजता ताईंचा तंबोरा छेडला की बाजारभाव सांगतो. खर्जावर हवामान लागतं.

आकाशवाणीवर ताईंचं गाणं लागलं, त्या दिवशी गल्ली त्यांच्याच घरी जमली. ताईंनी तंबोरा छेडला आणि त्यातून त्या स्वतः गायल्या. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. मागं पंचम खाकरला, तेव्हा हसल्या.

जमादार माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ माझ्या गळ्याकडं बघत राहिले.

"तू बोलतोस तो आवाज तुझाच ना रे?"

"सध्या तरी," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं.