पागोट्याच्या एका पेचापायी मनगटगड बुडाला त्याची हकीकत

॥ श्री ॥ दुखऱ्या हाडांची देवता प्रसन्न असो. शके १९४६, संवत्सराचे नाव क्रोधी, आणि लिहिणाराही क्रोधीच. राज्य म्हणजे सगुणाबाई कासारणीचे शरीर. बाईसाहेबांनी चाळीस वर्षे परक्या लेकींचे हात चेपून चुडे भरिले, आणि पोटच्या मंजुळेचा हिरवा चुडा तरी स्वहस्ते भरावा हा एकच मनोरथ उरला. राज्यरक्षणास पांढऱ्या पेशींची फौज, सरनोबत श्वेतराव. काटा रुतो की गळू होवो, फौजेने कैक शत्रू मारिले, त्यास आमची ना नाही. मग दोन वर्षांमागे ऐसे जाहले की, मनगटगडावरील रयतेच्या पागोट्याचा एक पेच फिरला. माणसे तीच, बोली तीच, पेच मात्र उजवीकडचा डावीकडे. पहारेकऱ्यांनी "गनीम! गनीम!" हाकाटी केली, आणि श्वेतराव विचारपूस न करिता दौडत आले. हाडांमधली गादी सांभाळणारे किल्लेदार कूर्चाजी वेशीवर हात जोडून बोलिले, "सरनोबत, आम्ही घरचेच! तोंड तरी पाहा!" श्वेतराव बोलिले, "तोंड पाहणे आमचे काम नव्हे. आम्ही पागोटे पाहतो." मग शिंग फुंकिले, आणि जो आला त्याने आपले शिंग फुंकून आणिक दहा आणिले, आणि गडात पाणी भरले, आणि आग लागली, आणि मनगट सुजून टम्म जाहले, आणि गनीम एकही नसता गड रोज पहाटे नव्याने जिंकिला गेला. थू तुमच्या मर्दुमकीवर! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले. यांनी वासे कुरतडिले! मग वैद्यांनी आठवड्यास एक पिवळी गोळी धाडिली, आणि फौज नरमली, आणि आग विझली, परंतु गेलेले हाड परत आले नाही.

माघात लग्न निघाले, आणि बाईसाहेब मंजुळेचा हात घेऊन बसल्या, आणि त्यांची स्वतःचीच बोटे मिटेनात. तीन बांगड्या हातात वाढल्या. कासाराच्या घरी फुटल्या म्हणत नाहीत. मंजुळा बोलिली, "आये, राहू दे. मावशी भरंल." बाईसाहेब बोलिल्या, "बलाव तिला," आणि तोंड फिरविले. तो काच रुतून बाईसाहेबांच्या बोटास रक्त आले, आणि तेच श्वेतराव धावून आले, आणि शिपाई खर्ची घालून चार रोजांत जखम स्वच्छ केली, आणि वर बक्षीस मागू लागले!

तात्पर्य, यांस सुळी द्यावे तर काचेशी कोण लढेल, आणि राखावे तर यांजपासून मनगट कोण राखील? लिहिणाराने दौत आपटिली. चुडा मावशीने भरिला.