भोयर काकांचे आलू

मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर कूलर चालतो तो आलूंसाठी. माणसांसाठी नव्हे. भोयर काका बनियनवर घामानं निथळत बसलेले, आणि कूलरचं तोंड दाराबाहेर, गच्चीवरच्या रंगाच्या जुन्या बादल्यांकडे. नागपूरच्या मे महिन्यात आलू! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलं.

"काका, आलू थंडीत लावतात हो."

"आलूले घाई नसते, बाई," काका म्हणाले आणि आणखी एक मग पाणी ओतलं.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. काहीही विचारा, आलूले घाई नसते. घाई मला होती. कारण ते पाणी माझ्या बेडरूमच्या छतातून टपकत होतं. शिवाय मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. डोळ्यांदेखत कुणी चुकीचं करत असलं की माझे हात शिवशिवतात. आणि हा माणूस कृषी खात्यातून निवृत्त झालेला! सरकारी नोकरी म्हणायची आणि सोडून द्यायचं, दुसरं काय.

जुलैत त्यांनी पुन्हा आलू लावले. तेव्हाची आपल्याकडची चिकचिक माहीत आहे ना? अंगाचा टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे बादलीतला आलू काय तग धरणार! सगळे सडले. वास थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी तणतणत वर गेले. "काळी माती भरलीत, त्यात पाणी साचतं. रेती मिसळा. बुडाला भोकं पाडा."

"होय नं," काका म्हणाले. भोक एक पाडलं नाही.

चुकून एखादं रोप जगलंच, तर दर आठ दिवसांनी ते उपटायचे. "पाहू तर दे, धरला का!" म्हणायचे, मुळं न्याहाळायचे आणि परत खोचून द्यायचे. असा आलू सात जन्मात धरत नाही. मी बोलून बोलून थकले.

काकू दाराशी खाटेवर असत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. परत आल्या की चेहरा राखेसारखा, तोंडातून शब्द निघत नसे. जरा दम धरून पहिला प्रश्न, "किती पानं आली हो?" मग काका पानं मोजणार, काकू म्हणणार खोटं सांगून राहिले, आणि तासभर दोघांचं भांडण चालणार. दुसरा विषय नाही.

एकदा काकूच मला म्हणाल्या, "मले आलू बंद हाय, बाई. पण ह्यायनं डॉक्टरले इचारलं. बाजारचा नाही चालत, घरचा चालते म्हणे. पहिला निघाला का आलूबोंडा करतो. तर्री टाकून!" तर्री म्हणताना त्या बाईचे डोळे असे चमकले की माझं डोकंच फिरलं. बायको एका आलूसाठी वाट बघते आहे आणि हा नवरा आलू बुडवून मारतो आहे!

मग मीच पदर खोचला. नोव्हेंबरात माझ्या गॅलरीत तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत रेती, माती, पालापाचोळ्याचं खत भरलं. पाणी बेतानं. रोप वाढेल तसा मातीचा थर चढवला. फेब्रुवारीत पोती उलटी केली, तर सूपभर आलू! गोल, गुळगुळीत.

सूप घेऊन वर गेले. काकूंसाठी गेले असं मी घरी सांगितलं. खरं सांगू? काकांची जिरवायला गेले होते.

"बघा काका. असा येतो आलू."

काकू एकदम उठून बसल्या. एक आलू उचलला, नाकाशी धरला. "घरचा हाय! उकडा नं हो. आजच करू बोंडे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. "उजेडात पाहू द्या," म्हणत त्यांनी सूप घेतलं आणि गच्चीवर गेले. मीही मागोमाग.

"काय केलं बाई तुम्ही हे?" आवाज अगदी खाली.

"काय केलं म्हणजे?"

"डॉक्टरनं घरचाबी नाही सांगितला. आलू तो आलूच. घरचं चालते हे मीच तिले म्हटलं होतं. ती जेवतच नव्हती तेव्हा. दवाखान्यातबी येत नव्हती. म्हणे, आता काहून जगू? तर म्हटलं, थांब, आलू लावतो."

"म्हणजे... तुम्हाला लावता येतात?"

"जिंदगीभर कास्तकारायले तेच शिकवलं. लावणं सोपं हाय, बाई. येऊ न देणं लय मेहनतीचं काम हाय."

मी जीवशास्त्र शिकवते. किडनीच्या पेशंटला नको असलेलं पोटॅशियम घरच्या आलूत आणि बाजारच्या आलूत सारखंच असणार, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. माझं टपकणारं छत तेवढं दिसत होतं.

आतून काकूंची हाक आली, "काय झालं हो?"

काका आत गेले. "हे नाही चालत वं. हिरवे पडले. मातीतून उघडे पडून ऊन लागलं त्यायले. हिरवा आलू जहर असते. इचार बाईले."

दोघंही माझ्याकडे बघू लागली. सुपातल्या एकाही आलूवर हिरवा ठिपका नव्हता.

"हो काकू," मी म्हटलं. "हिरवे पडलेत. माती कमी घातली मी. माझंच चुकलं."

काकूंच्या मुठीत तो आलू होता. त्यांनी एकदा तो पुन्हा हुंगला आणि सुपात ठेवून दिला. मग त्या हसल्या.

"मास्तरीण हाय न् आलू लावता येत नाही! ह्यायच्यापाशी शिका, बाई. ह्यायले सारं येते."

"शिकते, काकू," मी म्हटलं. मान वर करायची मला लाज वाटत होती. सूप उचललं आणि खाली आले.